वास्तू उतरवली जाते तेव्हा : पाटण, शिकागो आणि पुणे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शहरातील जुन्या वास्तूंविषयी काही लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभी हयात कापडाच्या पेढीवर गेली. इतिहास हा माझ्या व्यासंगाचा विषय नव्हे. शिवाय वास्तू उभी असते तोवर तिच्याविषयी लिहिणारे विद्वान पुष्कळ असतात. ती उतरवली गेल्यावर जे खांब, तुळया, चौकटी आणि झरोके मागे उरतात, त्यांचे पुढे काय होते याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. हा प्रश्न मला गेली तीस वर्षे अस्वस्थ करीत आला आहे. तेवढ्यापुरते लिहितो, या अटीवर मी होकार दिला. त्यात मी पाहिलेले आहे, थोडे वाचलेले आहे आणि एक स्वतःची चूकही आहे.

प्रारंभ पाटणपासून करतो. अणहिलपूर पाटण ही सोळंकी राजांची राजधानी आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची कर्मभूमी. आम्हा कापडवाल्यांना हे नाव पटोळ्यामुळे अधिक जवळचे. या नगरीतील झवेरीवाड्यात वाडी पार्श्वनाथाचे मंदिर आहे. इ. स. १५९४ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १५९६ मध्ये प्रतिष्ठा झाली, असे तेथील शिलालेखावरून समजते. या लेखात खरतर गच्छाच्या आचार्यांची परंपरा दिलेली असून, अकबर बादशहाने ज्यांचा सन्मान केला त्या जिनचंद्रसूरींचाही त्यात उल्लेख आहे. मंदिराचा मंडप सागवानी लाकडाचा होता. त्याच्या कोरीव कामाची ख्याती दूरवर पसरली होती.

या मंडपाचे दर्शन मला पाटणमध्ये घडले नाही. ते घडले अमेरिकेत. २०१४ साली कन्येकडे न्यू जर्सीला गेलो असता जावयांनी एके दिवशी न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय दाखविण्यास नेले. भारतीय शिल्पांच्या दालनांतून फिरत असता सौभाग्यवतींनी एकाएकी वर पाहिले आणि त्या जागीच थबकल्या. डोक्यावर लाकडी घुमट होता. एकात एक गुंफलेली कोरीव वलये, घुमटाच्या तळाशी आपापल्या परिवारासह बसलेले अष्ट दिक्पाल, आणि त्यांच्या मधूनमधून नर्तकी व वादक. लाकडावर कोठे कोठे जुन्या रंगाचे अंश अद्याप दिसत होते. सौभाग्यवतींनी नकळत पायातील चपला काढल्या, हात जोडले आणि मला विचारले, "देव कुठे आहेत?"

देव पाटणला आहेत, असे मी म्हणालो. त्या वेळी मला तेवढेच सुचले. खाली पाटीवर लिहिले होते की, हा पाटणच्या जैन मंदिराचा मंडप असून रॉबर्ट आणि लॉकवुड डी फॉरेस्ट या बंधूंनी तो १९१६ साली संग्रहालयास भेट दिला.

यांपैकी लॉकवुड डी फॉरेस्ट हा चित्रकार आणि घरांच्या अंतर्भागाची सजावट करणारा गृहस्थ. १८८१ साली तो अहमदाबादेत आला आणि तेथील लाकडावरील कोरीव काम पाहून भारावला. ज्या हठीसिंग घराण्याने १८४८ मध्ये दिल्ली दरवाजाबाहेरचे सुप्रसिद्ध देरासर उभारले, त्याच घराण्यातील मगनभाई हठीसिंग यांच्याशी भागीदारी करून त्याने कोरीव कामाचा कारखाना काढला. अहमदाबादच्या मिस्त्रींनी कोरलेले झरोके आणि पट्ट्या जहाजांतून अमेरिकेत जाऊ लागल्या. न्यूयॉर्कमधील त्याच्या स्वतःच्या घराच्या दर्शनी भागावरही हेच काम होते. त्याचे बंधू रॉबर्ट हे १९१३ पासून मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे अध्यक्ष होते. पाटणच्या मंदिराचे नव्याने काम निघाले, लाकडी मंडप उतरवला गेला, आणि अशा रीतीने तो सातासमुद्रापार पोहोचला.

या प्रकाराविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात की आपला ठेवा परक्यांनी नेला. कोणी म्हणतात की नेला म्हणून तर तो वाचला. व्यापारी माणूस म्हणून मी दोन्ही बाजूंची वही पाहतो, आणि मला असे वाटते की मंडप प्रथम उतरवला आपणच. तो उतरवण्यामागे अश्रद्धा नव्हती, उलट श्रद्धाच होती. लाकडाचे मंदिर पाषाणाचे करणे हे आपल्याकडे फार प्राचीन काळापासून पुण्यकृत्य मानले गेले आहे. प्रबंधग्रंथांत उदयन मंत्र्याची कथा येते. शत्रुंजयावर तो पूजेत मग्न असता एका उंदराने दिव्यातील जळती वात तोंडात धरून पळवली. लाकडी मंदिराला आग लागण्याचा तो धोका पाहून उदयनाने पाषाणाचे मंदिर बांधण्याचा संकल्प केला. पुढे तो युद्धात पडला आणि त्याच्या पुत्राने कुमारपाल राजाच्या कारकीर्दीत तो संकल्प सिद्धीस नेला. या कथेतील भय खोटे नव्हे. लाकडाला आग आहे, वाळवी आहे, पावसाचे पाणी आहे. ज्या पूर्वजांनी लाकूड काढून संगमरवर बसवला त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझी शंका एवढीच आहे की, काढलेले लाकूड ठेवायचे कोठे, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात आला असेल काय?

पाटणच्या मंडपाचे भाग्य दुसऱ्याही एका कारणाने थोर आहे. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांनी उत्तर गुजरातमधील प्राचीन वास्तूंवरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या मंदिराचे वर्णन आणि आराखडे आहेत. शिलालेखाचा पाठ त्याआधीच 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात छापला गेला होता. म्हणून आज न्यूयॉर्कमध्ये उभे राहून कोणीही सांगू शकतो की, हे लाकूड अमुक नगरातील, अमुक मंदिराचे, अमुक काळातील आहे. कापडाच्या गाठीवर मार्का असतो तसा हा मार्का आहे. तो नसता तर तो घुमट म्हणजे केवळ 'पश्चिम भारतातील एक कोरीव छत' एवढाच उरला असता. नाव-गाव हरवलेली अशी कितीतरी छते, खांब आणि चौकटी आज जगभरच्या दुकानांत विकल्या जात आहेत.

त्याच प्रवासात शिकागोला जाण्याचा योग आला. तेथे मला पाहायची होती ती वीरचंद राघवजी गांधींची जागा. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये भरलेल्या सर्वधर्म परिषदेस आचार्य विजयानंदसूरींना, म्हणजेच आत्मारामजी महाराजांना, निमंत्रण होते. साधूंच्या आचारास अनुसरून त्यांना समुद्रपर्यटन शक्य नव्हते. म्हणून महुव्याचे वीरचंदभाई, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. ज्या इमारतीत ती परिषद भरली, तीच आज शिकागोचे कलासंग्रहालय म्हणून उभी आहे. त्या वास्तूच्या पायऱ्यांवर काही वेळ आम्ही निःशब्द उभे राहिलो.

आत गेल्यावर मात्र जे पाहिले त्याची मुळीच अपेक्षा नव्हती. संग्रहालयाच्या पोटात एक भलेमोठे सभागृह आहे. उंच खांब, रंगीत नक्षीचे छत, रंगीत काचा. चौकशी करता समजले की हे या इमारतीचे मूळ दालन नव्हे. शिकागोच्या शेअर बाजाराच्या जुन्या इमारतीतील हा व्यवहाराचा हॉल आहे. ती इमारत लुई सलिव्हन आणि डँकमार ॲडलर या वास्तुविशारदांनी १८९४ मध्ये पूर्ण केली आणि १९७२ मध्ये ती पाडण्यात आली. तेव्हा हा हॉल तुकड्यातुकड्यांनी सोडवून, पुढे या संग्रहालयात पुन्हा जोडण्यात आला. इमारतीच्या प्रवेशद्वाराची कमानही संग्रहालयाबाहेर उभी केली आहे.

ही कथा ऐकताना रिचर्ड निकेल हे नाव प्रथम माझ्या कानी पडले. त्यानंतर मिळेल ते मी वाचून काढले. हा एक साधा छायाचित्रकार होता. सलिव्हनच्या इमारतींची छायाचित्रे घेणे हे त्याचे काम. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोत जुन्या इमारती भराभर पडू लागल्या. इमारती वाचाव्यात म्हणून त्याने प्रथम निदर्शने केली, अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. गॅरिक थिएटर ही सलिव्हनची मोठी इमारत १९६१ मध्ये पडू लागली, तेव्हा मात्र त्याने हातात हत्यारे घेतली आणि भिंतींवरील नक्षीचे तुकडे सोडवू लागला. प्रथम छायाचित्र, मग मोजमाप, त्यानंतर सोडवणूक, हा त्याचा क्रम. घर तुकड्यांनी भरले, आईवडिलांचे तळघर भरले. अखेर १९६५ मध्ये त्याने आपला संग्रह इलिनॉय राज्यातील एका विद्यापीठाला दिला. शेअर बाजाराची इमारत पडू लागली तेव्हा तो पुन्हा तेथे जाऊ लागला. १३ एप्रिल १९७२ रोजी तो अर्धवट पाडलेल्या इमारतीत एकटाच शिरला आणि वरचा भाग कोसळून त्याखाली गाडला गेला. त्याचा देह मिळाला तो ९ मे रोजी. वय त्रेचाळीस. विवाह ठरलेला होता.

त्या हॉलमध्ये उभे असताना मला वीरचंदभाई आठवत नव्हते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मला आमचा वाडा आठवत होता.

आमचा वाडा पुण्याच्या रविवार पेठेत होता. आजोबांनी तो विकत घेतला. मूळ बांधणारा कोण, हे घरात कोणालाच नीट सांगता येत नसे. रस्त्याला दिंडी दरवाजा, वर गणेशपट्टी, आत देवडी, मग चौक. चौकाच्या एका बाजूस पाच खणांची ओसरी. वाड्याचे माप खणांत सांगतात. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. आमच्या दुकानातही खण असत, ते चोळीचे. "आपली ओसरी पाच खणांची" असे आजोबा पाहुण्यांना सांगत, तेव्हा बालपणी माझी समजूत अशी होती की ओसरीत कोठेतरी पाच चोळीखण जपून ठेवलेले आहेत. मी ते शोधतही असे. असो.

पुण्याचे वाडे का गेले, याची कारणे साऱ्यांना ठाऊक आहेत, तरी दोन शब्द लिहितो. पेशवाईतील मोठे वाडे आगीत गेले. शनिवारवाडा १८२८ मध्ये आतून जळून गेला. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्याचीही मोठी हानी झाली. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर आला आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे वाहून गेली किंवा खिळखिळी झाली. पण खरा घात आगीने वा पुराने केला असे मला वाटत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जेथल्या तेथे गोठली. महिना काही रुपये भाडे घेणाऱ्या मालकाने कौले फिरवायची कशातून? लाकडी वाड्याचे प्राण कौलांत असतात. एक कौल सरकले की पाणी भिंतीत मुरते, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई एके दिवशी खाली बसते. भाडेकरू डागडुजी करीत नाही, कारण वाडा त्याचा नव्हे. मालक करीत नाही, कारण उत्पन्न नाही. यात दुष्ट असा कोणी नाही. १९९९ मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा झाला, तोवर पेठांतील पुष्कळ वाडे इमारती होऊन बसले होते.

आमचा वाडा उतरवला गेला १९९४ साली. सर्व भावांची संमती होती आणि त्यात माझीही होती. किंबहुना हिशेबाचे कागद मीच तयार केले होते. वाड्याचे लाकूड वाडा उतरवणाऱ्या ठेकेदाराने घ्यायचे, असे ठरले. घनफुटाच्या भावावरून आमची त्याच्याशी बराच वेळ घासाघीस झाली. त्यात कोरीव कामाचा शब्द एकदाही निघाला नाही, ना त्याच्याकडून ना आमच्याकडून. आधी कौले उतरली, मग वासे, मग कडीपाटाच्या फळ्या, मग तुळया, शेवटी खांब. सरळ लाकूड वखारीत गेले. तेथे ते चिरून त्याच्या खिडक्यांच्या चौकटी होतात, आणि शे-दीडशे वर्षे मुरलेल्या सागवानाला मागणीही चांगली असते. कोरीव लाकडाची गोष्ट निराळी. ते वाकडे, खिळ्यांनी भरलेले, करवतीला नकोसे. पूर्वी असे लाकूड बंबफोड म्हणून न्हाणीघराच्या बंबात जात असे. आमच्या काळात ते जुन्या बाजारात जाऊ लागले होते, आणि तेथून हॉटेलांत व शेतघरांत.

ज्या वर्षी आमचा वाडा उतरला, त्या वर्षी आमच्यापासून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे होते. मी ते शाळेच्या सहलीत पाहिले होते. तेथे जाऊन कोणाला विचारावे, एवढेही आम्हा सुशिक्षित भावांच्या मनात आले नाही.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे व्यवसायाने चष्म्याचे दुकानदार, आणि 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे कवी. व्यापारी असूनही काय करता येते, याचे दुसरे उदाहरण देण्याची मला आवश्यकता वाटत नाही. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, भांडी, आणि वाड्यांचे दरवाजे, खांब, झरोके. पत्नी कमलाबाई त्यांच्या या कार्यात सहभागी होत्या. अकाली निवर्तलेला पुत्र राजा, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. १९७५ मध्ये केळकरांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून पुन्हा उभारलेले दालन आहे. कोथरूड तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते, आणि आज तेथे पाहण्यास तो महाल नाही. मस्तानीच्या नावाची चर्चा हरघडी होते, नाटके-चित्रपट होतात. पण तिच्या घराचे लाकूड प्रत्यक्ष पाहायचे तर ते एका चष्मेवाल्याने राखले म्हणून पाहता येते.

असाच अनुभव मला अहमदाबादला आला होता. शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय कापडाच्या धंद्यातील प्रत्येकाने पाहावे असे आहे. साराभाई कुटुंबाने १९४९ मध्ये ते स्थापन केले आणि १९८३ पासून ते शाहीबागेत आहे. मी गेलो होतो पटोळी आणि बांधणी पाहायला. पाहता पाहता लक्षात आले की ज्या दालनांत कापड मांडले आहे, त्यांना गुजरातच्या जुन्या हवेल्यांचे कोरीव लाकूड बसवलेले आहे. कापडाइतकेच प्रेम त्या लाकडावर केलेले दिसले. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संस्थेत तर, १९९६ पासून, लाकडासाठी मोडीत निघालेली दक्षिणेतील अख्खी घरे विकत घेऊन पुन्हा उभारलेली आहेत. तेथे मी गेलेलो नाही. जाण्याची इच्छा आहे.

कायद्याचे म्हणाल तर कायदा आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू ही पुरावस्तू धरली आहे, आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पाटणचा मंडप आज न्यूयॉर्कला गेला नसता. पण हा कायदा जहाज अडवतो, ठेकेदाराचा टेम्पो अडवत नाही. रविवार पेठेतून निघालेला खांब मुळशीच्या शेतघरात जाऊन मद्याच्या कपाटाला टेकू झाला, तर त्यात कोणाचा काही गुन्हा नाही.

आता माझी चूक सांगतो. २००९ साली एका लग्नाहून परतताना आम्ही दोघे भाऊ महामार्गावरील एका उपाहारगृहात चहासाठी थांबलो. आत शिरताना मी पाहिले, तर प्रवेशाला जुनी कोरीव चौकट लावलेली होती. गणेशपट्टी, दोहो बाजूंस वेल, खाली कमळे. मला वाटले ही आपलीच. भाऊ म्हणाला, नव्हे, आपल्या दरवाजाला कमळे नव्हती, मोर होते. मालकाला विचारले. तो भला माणूस होता, पण त्याला एवढेच ठाऊक होते की ती जुन्या बाजारातून आणली आहे. घरी येऊन मी सारे अल्बम काढले. आमच्या घरातील प्रत्येक लग्नाचे छायाचित्र त्याच दरवाजासमोर घेतलेले. परंतु प्रत्येकात वर आंब्याचे तोरण, पुढे वऱ्हाडी मंडळी. पट्टी कोठेच दिसत नाही. एका छायाचित्रात काकांच्या फेट्याआडून एक वेल दिसतो, तो कोणत्याही वाड्याच्या दरवाजावर असतो तसा.

कापडाची किनार पाहून गिरणी ओळखणारा मी. ज्या दरवाजातून पस्तीस वर्षे आलो गेलो, तो समोर उभा असताना मला ओळखता आला नाही, आणि आजही येत नाही.

पाटणच्या मंडपासाठी बर्जेस होते, शिकागोच्या नक्षीसाठी निकेल होता. आमच्या दरवाजासाठी घरातल्या घरात एक कॅमेरा होता, आणि तो काम सुरू झाले त्या दिवशी कपाटातच होता. म्हणून ज्यांच्या वास्तू आज पुनर्विकासात निघाल्या आहेत, त्यांना अनुभवाच्या जोरावर थोडे सांगण्याचे धाडस करतो. कौलांना हात लागण्यापूर्वी रस्त्यावरून, चौकातून आणि प्रत्येक खोलीतून छायाचित्रे घ्यावीत, माणसे बाजूला करून. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यास खर्च नाही. जे ठेवायचे त्या प्रत्येक लाकडावर, न दिसणाऱ्या बाजूस, क्रमांक आणि दिशा तेलरंगाने लिहावी. खडूने लिहिलेले पहिल्या पावसात जाते. तोच क्रमांक कागदावरील नकाशात टाकावा. खांब करवतीने कापू देऊ नये, सांध्यातून सोडवावा, वेळ लागला तरी. लाकूड जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवावे, म्हणजे वाळवी लागली तर दिसते. आणि कृपा करून त्यावर चकचकीत रंग देऊ नये. देणगीदाराच्या नावाची पाटी जितक्या तत्परतेने आपण लावतो, तितक्याच तत्परतेने या लाकडाच्या नाव-गावाची पाटी लावावी. हे वाक्य काही मंडळींना रुचणार नाही, पण मी ते राहू देतो.

गेली काही वर्षे पेठेत एखादा वाडा उतरणार असे कळले की मी वही आणि मोजपट्टी घेऊन जातो. मालक बहुधा परिचित असतात. काही जणांना वाटते की मी लाकडाचा व्यापार सुरू केला. दोनदा ठेकेदाराने मला भाव विचारला. वहीत आजवर एकोणतीस वाड्यांची नोंद झाली आहे. छायाचित्रे नातवाने संगणकावर लावून दिली आहेत. अवशेष मी गोळा करीत नाही. तेवढी जागा माझ्याकडे नाही, आणि पेढीवर माल ठेवायलाच जागा अपुरी पडते.

आमच्या वाड्यातील मात्र एक वस्तू उरली. टेम्पो भरल्यावर एक हस्त, म्हणजे खांबाच्या माथ्यावर तुळई पेलणारा कोरीव तुकडा, चौकातच राहून गेला. आईने तो नव्या सदनिकेत आणला आणि त्यावर पाण्याचा माठ ठेवू लागली. वीस वर्षे त्यावर माठ होता. शिकागोहून परतल्यावर मी माठ काढून तो उलटा केला. वरच्या बाजूस, जेथे तुळई बसत होती तेथे, छिन्नीने पाडलेल्या तीन रेघा आणि शेजारी एक लहान वर्तुळ होते. एका वृद्ध सुतारमिस्त्रींना दाखवले. ते पाहताक्षणी म्हणाले, "तिसरा आहे, उगवतीकडून." लाकूड जमिनीवर कोरून मग वर चढवायचे असल्याने, बांधणारे सुतार प्रत्येक तुकड्यावर अशी खूण करीत. म्हणजे पत्ता लिहिलेलाच होता.

तो हस्त आता पेढीत, गादीच्या मागील फडताळावर आहे. त्याच्या मागे मी कापडाच्या गाठीला लावतो तसली जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे. तिच्यावर असे लिहिले आहे : "रविवार पेठ, पुणे. चौकातील पाच खणी ओसरी. उगवतीकडून तिसऱ्या खांबावरील हस्त. सागवान. उतरवला १९९४. उरलेले पाच कोठे आहेत ते ठाऊक नाही."